सातेरीचा मोफत पास

नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात, असं जो कुणी पहिल्यांदा म्हणाला, त्याच्यावर देवीच्या वतीनं अर्ज करायची पाळी आली नसावी. माझ्यावर आली. आणि मी ती पाळी आपणहून ओढवून घेतली, कारण मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. कागद कुठल्या मेजावर अडतो, का अडतो आणि कुणाला चहा पाजला की सुटतो, हे मला पणसमळात तरी कुणी शिकवू नये.

पणसमळ म्हणजे आमचा गाव. डिचोलीहून सुर्ल्याकडे जाताना खनिजाच्या ट्रकांची धूळ जिथं जरा कमी होते तिथं डावीकडे वळायचं. गावामागे डोंगर, डोंगरात झर, आणि त्या झरीवर आमच्या सातेरीचं वर्षाचं न्हाण. जत्रेच्या आदल्या दिवशी देवी पालखीत बसून झरीवर जाते, न्हाते, आणि मग जत्रा लागते. न्हाण नाही तर जत्रा नाही. आता झालं असं की गेल्या वर्षभरात सरकारनं त्या डोंगराला कुंपण घातलं, वाटेवर लाकडी बाकं टाकली, सिमेंटचं एक हरीण उभं केलं (त्याचं एक शिंग पहिल्याच महिन्यात कुणीतरी नेलं), आणि नाव दिलं ‘झरीवन निसर्ग उद्यान’. पायथ्याशी फाटक, फाटकाला तिकिटाची खिडकी.

तिकीट फार नव्हतं हो. मुद्दा तो नव्हताच. आपल्या न्हाणीघरात जाताना कोण तिकीट काढतं?

देवळात बैठक भरली. कुणी म्हणालं, काढून टाकूया तिकिटं, एका दिवसाचा तर प्रश्न. त्यावर गोकुळदास उठला. गोकुळदास म्हणजे देवीसमोर गाऱ्हाणं घालणारा आमचा जुना माणूस, ऐंशीच्या घरातला, पण पालखीचा पुढचा खांदा अजून दुसऱ्याला देत नाही. तो एवढंच म्हणाला, “काडा. पूण देवीची तिकीट फुल्ल काडटले काय हाफ?”

मग कुणीतरी सुचवलं की यंदा टँकर मागवू आणि देवळाच्या चौकातच देवीला न्हाऊ घालू. गोकुळदासानं त्या माणसाकडे असं पाहिलं की तो चपला शोधायला लागला. “टँकराच्या उदकान न्हाली काय फुडल्या वर्सा नळाच्या न्हातली,” गोकुळदास म्हणाला. “मागीर म्हाका आपयनाकात.” म्हणजे, मग मला बोलवू नका.

आणि इथं माझ्या जिभेला हाडच राहिलं नाही. मी उभा राहिलो नि म्हणालो, “कायद्यात मोफत प्रवेशाची तरतूद असते. देवीचा पास मी आणतो.”

गोकुळदासानं लगेच नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “आई सातेरी माये, आज तुज्या ह्या लेकरान, मधुकरान, तुजो फुकट पास हाडपाचें वचन दिलां—”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

“न्हाणाच्या दिसा तुका तिकीट काडची पडूंक नजो—”

“व्हय म्हाराजा!”

“आनी ताणें उतर मोडलें जाल्यार तूंच पळय!”

“व्हय म्हाराजा!” शब्द मोडला तर तूच बघून घे, याला हा होकार सगळ्यात जोरात, आणि त्यात माझ्या बायकोचा, विमलाचा, आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकावर गेलो. खिडकीत निखिल नावाचा वाळपईचा तरुण बसतो. त्याच्या डोक्यावर नियमांचा फलक. मी तो उभ्यानं दोनदा वाचला आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. फार सुबक काम होतं. मोफत कोण, अर्ध्या दरात कोण, कुठला दाखला, कुणाची सही. तीन फुटांखालची मुलं मोफत, पंच्याहत्तरीपुढचे स्थानिक रहिवासी मोफत, त्यांच्यासोबत एक मदतनीस मोफत, विद्यार्थी अर्धे. देवाचा उल्लेख कुठंच नव्हता. पण हेडक्लार्कच्या दृष्टीनं ज्याचा उल्लेख नसतो ते निषिद्ध नसतं, नुसतं प्रलंबित असतं.

उद्यानाच्या अधिकारी तेजस्विनी मॅडम. पेडण्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, खाकी कपड्यातल्या, बोलायला गोड आणि नियमाला कडक. म्हणाल्या, “मधुकरबाब, पालखी अशी वर्गवारीच नाही. पास माणसाला मिळतो. व्यक्तीला.”

“देव ही कायद्यानं व्यक्तीच आहे,” मी म्हणालो. “तिच्या नावावर जमीन आहे, विजेचं बिल येतं. थकबाकी झाली तर तोडायला येतात. व्यक्ती नाही तर काय?”

मॅडम म्हणाल्या, “मग व्यक्तीसारखा अर्ज करा.”

मी ते आव्हान मानलं. घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती, कारण आमच्या गावात पोदेर पावाबरोबर बातम्याही टाकून जातो. शेजारचा रुद्रेश बलकांवावर, म्हणजे आमच्या दारातल्या ओट्यावर, येऊन बसलाच होता. हा डिचोलीला एका वकिलाकडे टायपिंग करतो आणि स्वतःला अर्धा वकील समजतो. कुठला अर्धा ते कुणी विचारत नाही.

“काका, सोपं आहे,” रुद्रेश म्हणाला. “तीन फुटांखालची मुलं मोफत. पालखीतली मूर्ती केवढी? वीतभर. लावा उंचीत.”

“आदिमाया ती!” मी कडाडलो. “तिला बालवाडीत घालतोस?”

“मग वयात लावा,” आतून जानकी म्हणाली. जानकी म्हणजे रुद्रेशची आई. ती आमच्याकडे विरजण मागायला येते आणि सल्ला देऊन जाते. “पंच्याहत्तरी कधीच सरली असणार तिची.”

“पुरावा?”

“फिरंगी आले तेव्हा ती हांगाच होती. फिरंगी गेले त्यालाच साठ वर्षं होऊन गेली. करा हिशोब.”

हिशोब बिनतोड होता. पण जन्मदाखला? सातेरी वारुळातून प्रकट झालेली. वारुळाची नोंद कुठल्या पंचायतीत? विमला स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाईमाणसाचं वय विचारतात म्हणजे काय? मी देवी असते तर तिथंच शाप दिला असता.” मी तिला सांगितलं की तू देवी नाहीस. त्या रात्री माझ्या आमटीत मीठ नव्हतं.

बरं, वयाचं जमवलं असतं. पण सोबत मदतनीस फक्त एक. एका माणसानं पालखी उचलायची कशी? डोक्यावर? आणि ढोलवाले, अबदागीर, दिवटीवाला? मी पुन्हा फाटकावर गेलो, चष्मा पुसून फलक पुन्हा वाचला, आणि अगदी खाली, जिथं रंगाऱ्याला जागा पुरली नव्हती म्हणून अक्षरं बारीक झाली होती, तिथं मला माझं कलम सापडलं. ‘चालता न येणाऱ्या व्यक्तीस डोलीतून प्रवेश. व्यक्ती व डोलीवाहक मोफत.’

मी तिथंच टाळी वाजवली. निखिल खिडकीतून बाहेर डोकावला. डोली आणि पालखी यांत फरक तो काय? वाहक किती हे फलकावर नव्हतं, म्हणजे ढोलवालेसुद्धा त्यात बसत होते. आणि देवी चालत नाही, चार खांद्यांवरून जाते, ही उघड्या डोळ्यांनी दिसणारी गोष्ट. खोटं एक अक्षर लिहायचं नव्हतं.

अर्ज ऑनलाइन. तो भरायला रुद्रेश बसला, मी मागे उभा. नाव: सातेरी. वय: पंच्याहत्तरीपुढे. वडिलांचं वा पतीचं नाव: इथं पहिली चकमक झाली, कारण जानकी एक सांगत होती आणि विमला दुसरं, शेवटी आम्ही ‘लागू नाही’ घातलं. फोटो: दोन्ही कान दिसले पाहिजेत. देवीच्या मुकुटाखाली कान आहेत की नाहीत हे गावात कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना, तेव्हा देवस्थानच्या कॅलेंडरवरचा फोटो चिकटवला. मग आला तो रकाना. ‘चालता न येण्याचे कारण’. खाली निवडायला तीनच पर्याय: अस्थिव्यंग, पक्षाघात, इतर.

“इतर,” मी म्हणालो.

रुद्रेशनं इतर दाबलं. यंत्र म्हणालं, वैद्यकीय दाखला जोडा. डॉक्टर देवीला तपासायला येणार नव्हता आणि आला असता तरी गाव त्याला जिवंत परत जाऊ देणार नव्हता. रुद्रेशनं पक्षाघात दाबून पाहिलं, तिथंही दाखला. अस्थिव्यंगाला मात्र दाखला नको, पंचायतीची चौकशी पुरे, असं निघालं. का ते विचारू नका. मी स्वतः असे तक्ते आयुष्यभर बनवले आहेत.

“दाब,” मी म्हणालो. मूर्ती पंचधातूची, तेव्हा तिला अस्थी नाहीत. म्हणजे अस्थींच्या बाबतीत काहीतरी उणं आहे हे तर खरंच. आता मागे वळून पाहताना मला हा युक्तिवाद थोडा ओढून आणलेला वाटतो. त्या दिवशी मात्र मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. संध्याकाळी डिचोलीच्या बाजारात जाऊन विमलासाठी अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणला. तिनं विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग वळेसर कशाला?

चौकशी आली. पंचायतीनं आपला नवा शिपाई पाठवला, मंगेश, मूळचा बेळगावकडचा, गावात कुणाला ओळखत नव्हता. सरळमार्गी पोर. तो कागद हातात घेऊन पहिलं घर लागलं तिथं गेला, आणि पहिलं घर गोकुळदासाचं. अंगणात गोकुळदास सुपाऱ्या सोलत बसला होता, भोवती त्याच्या सुना, नातवंडं, शेजारी.

मंगेशनं कागद वाचून विचारलं, “इथं सातेरी नावाच्या पायानं अधू असलेल्या आजी राहतात का? एकट्याच असतात म्हणे. त्यांची चौकशी करायला आलोय.”

हे मी स्वतः ऐकलेलं नाही. पण पुढचं ऐकलं, कारण गोकुळदासाचा आवाज दोन वाडे ओलांडून आला. “कोणाक लंगडी म्हणटा तो? कोणें बरयलां?”

मंगेशनं निमूट सांगितलं, कुणी लिहिलं ते.

संध्याकाळी सगळा गाव देवळात. मी माझी बाजू मांडली. कलम वाचून दाखवलं. देवी स्वतः चालत नाही हा मुद्दा पुराव्यासह ठेवला. मंडपात दोघा-तिघांनी माना हलवल्या, मला वाटलं, पटलं. मग जानकीनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “आमची आई वाऱ्यासारखी डोंगर चढते हो. हे कुणी सांगायचं असतं?” आणि ती, जिनं स्वतः वडिलांच्या नावाच्या रकान्यावरून अर्धा तास भांडण केलं होतं, माझ्याकडे पाठ करून बसली. रुद्रेश तर त्या दिवशी पणजीला होता. कोणत्या कामाला, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

गोकुळदासानं प्रसाद लावला. म्हणजे मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि देवीला विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पहिला प्रश्न: मधुकराला माफ आहे काय? डावी कळी अशी सुटली की जणू वाटच बघत होती. दुसरा प्रश्न: न्हाण झरीवरच व्हावं काय? उजवी. तेही लगेच. म्हणजे देवीला झर हवी होती, फक्त मी नको होतो. ठरलं ते असं की यंदा मी पालखीला हात लावायचा नाही, आणि चालायचं ते सगळ्यांच्या मागून.

मी घरी येऊन जेवलो नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर लोकांचे अर्ज मंजूर करून दिले मी. विधवांची पेन्शनं, पोरांचे जातीचे दाखले. आणि आईच्या कामात माझाच अर्ज फेटाळला गेला. विमलानं ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, “तुम्ही तिच्यासाठीच केलंत, ते तिला ठाऊक आहे. गावाला जरा वेळ लागेल.”

न्हाणाच्या आदल्या दिवशी तेजस्विनी मॅडमचा फोन आला. अर्ज नामंजूर. कारण: अर्जदाराची सही अथवा अंगठा नाही. मी अज्ञान पालकत्वाचा मुद्दा काढला, देवीला कायदा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मानतो, तिच्या वतीनं पालक सही करतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अज्ञान आणि पंच्याहत्तरीपुढची, दोन्ही एकदम कसं, मधुकरबाब?” त्यांना हसू येत होतं. मला नव्हतं येत.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. पास नाही, तिकीट नाही, टँकर नाही. ढोल वाजतोय, गोकुळदास पुढच्या खांद्याला, बायका ओट्या घेऊन, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, सोवळं नेसून, उघड्या अंगानं, हात मागे बांधून. कुत्रीसुद्धा माझ्या पुढे होती.

फाटकाशी पालखी थांबली. माणसांसाठी एक फिरता लोखंडी दरवाजा, त्यातून मांजर गेलं तरी अडकेल. मोठं फाटक बंद. निखिलनं खिडकीतून विचारलं, “कितले जाण?”

कुणी उत्तर दिलं नाही. कारण आमच्याकडे रीत अशी की पालखी ज्याच्या उंबऱ्यावर थांबते, त्या घरातल्यानं बाहेर यायचं, खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची. ते होईपर्यंत पालखी पुढे जात नाही. मागेही जात नाही. दुसऱ्याच्या दारात आहे तशी उभी राहते. आणि दार तर सरकारचं!

“हांव कंत्राटाचेर आसां,” निखिल घाबरून म्हणाला. “म्हजें घर न्हय हें.”

ऊन चढायला लागलं. मागे पर्यटकांची एक बस येऊन उभी राहिली. गोकुळदासाचे पाय थरथरताना मला मागूनही दिसत होते, पण तो खांदा सोडीना. माझ्या मनात आलं, हा म्हातारा इथं पडला तर ते माझ्या अर्जामुळे. मी गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी पोचलो. निखिलला म्हणालो, बोलाव तुझ्या मॅडमना.

मॅडम आल्याच होत्या. त्यांनी पालखीकडे पाहिलं, थांबलेल्या ढोलाकडे पाहिलं, गोकुळदासाच्या पायांकडे पाहिलं. पेडण्याची मुलगी ती. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं बूट काढले, मोजे काढले, ऑफिसातली बादली मागवली आणि त्या खाकी कपड्यातच खाली वाकून चौघांच्या पायांवर पाणी घातलं. ओटीला काही नव्हतं. विमलानं मुकाट्यानं आपला नारळ नि तांदूळ तिच्या ओंजळीत दिले. तिनं ओटी भरली, हात जोडले, आणि वर उठून म्हणाली, “निखिल, मोठं फाटक उघड. नोंद कर. खात्याच्या पाहुण्या, सातेरी देवी, पणसमळ. सोबत, तिची माणसं. माझ्या अधिकारात.”

“आई सातेरीचो—!” आणि गाव गरजला.

आता खरं तर मी गप्प आत जायचं. पण हेडक्लार्क मेला तरी त्याचा हात शेऱ्यासाठी शिवशिवतो. मी मॅडमना गाठलं. म्हटलं, “हा अधिकार कुठल्या कलमाखाली? पुढल्या वर्षी तुमची बदली झाली तर? लेखी द्या.”

“मधुकरबाब,” त्या ओले पाय बुटात घालत म्हणाल्या, “इतके दिवस तुम्ही हक्कच मागत राहिलात. घरी येतो म्हणून एकदा सांगितलं असतं, तर मी दारात उभी राहिले असते. लेखी देते. दरवर्षीचं देते. आता जा.”

मी विजयानं वळलो, तर फाटक बंद. पालखी आत, गाव आत, बसमधले पर्यटक तिकिटांच्या रांगेत, आणि मी बाहेर.

“बाब, तिकीट?” निखिल म्हणाला.

“मी देवीबरोबर आहे.”

“देवी भितर पावली. तिचीं मनशां भितर सरलीं. तुमी कोण?”

मी कोण? अर्जदार, म्हणणार होतो. अर्ज तर नामंजूर. खिसा चाचपायला गेलो तर सोवळ्याला खिसा कुठला! पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, अंगात शर्टसुद्धा नाही. रांगेतली एक बाई माझा फोटो काढत होती. मी फाटकाचे गज धरून उभा राहिलो आणि झरीच्या वाटेनं चढत जाणाऱ्या पालखीकडे बघत राहिलो.

पालखी थांबली.

वरच्या वळणावर गोकुळदासानं मान वळवली होती. “ए निखिला!” त्याचा आवाज आला. “एक खांदो उणो आसा. ताका सोड!”

खांदे चारचे चार होते, हे मला इथून दिसत होतं. निखिललाही दिसत होतं. त्यानं फाटक उघडलं.

मी धावत चढलो. त्या वयात, त्या चढावर, अनवाणी. वर पोचलो तर गोकुळदासानं आपला पुढचा खांदा काढून दांडा माझ्यासमोर धरला होता. जो त्यानं सख्ख्या मुलालासुद्धा कधी दिला नव्हता, तो. मी म्हणालो, “गोकुळदासा, प्रसाद डावा पडला होता. देवीनं माफ केलेलं नाही मला.”

“देवीचें देवी पळयतली,” तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. “हांवें माफ केलां. धर बेगीन, म्हजे पांय गेले.”

मी दांडा खांद्यावर घेतला. तो माझ्या शेजारून, माझ्याच दंडाला धरून चालू लागला. मला रडू आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.